गोल्डन गेट पार्कचा डिस्क गोल्फ कोर्स: नेहमी खेळावा की टाळावा?

सह्यकडा (धागाकर्ता)

बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी हा धागा. परवा एका घरगुती जेवणाच्या वेळी या विषयावर जोरदार चर्चा झाली आणि जेवण वाढल्यावर अर्धवट राहिली, म्हणून इथे मांडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला 18 होलचा डिस्क गोल्फ कोर्स आपला नेहमीचा कोर्स म्हणून धरावा का? माझं म्हणणं, धरावा. अगदी बिनशर्त नाही, पण धरावा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, चकती फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक करायची, आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत ती टाकायची. टीपासून टोपलीपर्यंतचा असा एक टप्पा म्हणजे एक होल. सगळ्या होलच्या मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकला. खेळ याच राज्यात, कॅलिफोर्नियात, रुजला. एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना काढली, आणि साखळ्यांच्या टोपलीचं पेटंटही त्यांचंच.

आता फायदे. पहिला फायदा पैशांचा. हा कोर्स मोफत आहे. ना वेळ राखून ठेवायची, ना सभासदत्व घ्यायचं. एक पटर (जवळून टोपलीत टाकायची) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतराची) अशा दोन चकत्या साधारण 30 डॉलरच्या आत येतात आणि नवख्या माणसाला तेवढ्या भरपूर झाल्या. दुसरं म्हणजे फुल्टन स्ट्रीटवरून जाणारी 5 नंबरची बस उद्यानाच्या कडेकडेने जाते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. अमेरिकेत गाडीशिवाय खेळता येतील असे किती कोर्स असतील?

तिसरा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बरेच होल 300 फुटांच्या आसपास किंवा त्याहून आखूड आहेत, आणि दोन्ही बाजूंना झाडं. इथे ताकद फारशी कामाला येत नाही. चकती कोणत्या कोनात सुटते, मनगट कधी वळतं, हेच बघावं लागतं. त्यात दुपारी समुद्रावरून वारा येतो. समोरून वारा असला की उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकलेली चकती उजवीकडे कलंडते आणि वर चढते. वारा पाठीमागून असला की तीच चकती लवकर खाली बसते. मोकळ्या, शांत मैदानात हे कळायला वर्षं जातात. इथे दुपारी खेळणाऱ्याला पर्यायच नसतो.

तोटेही लिहितो. शनिवार-रविवारी गर्दी असते, प्रत्येक होलवर थांबावं लागतं. चकत्या झुडपांत हरवतात. धुकं उतरलं की जुलैतही जाडं जाकीट लागतं. पण यातल्या एकाही कारणासाठी हा कोर्स सोडावा असं मला वाटत नाही. तुमचं काय मत?

पायवाट

सह्यकडा, तुमचे तोटे सगळे खेळाडूचे आहेत. गर्दी खेळाडूला, थंडी खेळाडूला, हरवलेली चकती खेळाडूची. उद्यानाचं काय?

मी रिचमंड भागात राहते आणि रोज या उद्यानात चालते. ही जमीन मुळात वाळूच्या टेकड्यांची. एकोणिसाव्या शतकात हा सगळा पट्टा उजाड होता आणि समुद्राच्या वाऱ्याने वाळू सतत सरकायची. 1870 च्या दशकात विल्यम हॅमंड हॉल यांनी ती वाळू आधी गवताने आणि झुडपांनी बांधली आणि मग झाडं लावली. त्यांच्यानंतर जॉन मॅकलॅरेन यांनी 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत हेच काम केलं. मॉन्टेरी सायप्रस, मॉन्टेरी पाइन आणि निलगिरी ही इथली मुख्य झाडं. त्यातली कितीतरी एकाच काळात लावलेली, त्यामुळे म्हातारीही एकाच काळात होत आहेत. 2023 च्या सुरुवातीच्या वादळांत शहरात शेकडो झाडं पडली, ती बातमी इथल्या सगळ्यांना आठवत असेल.

अशा म्हाताऱ्या झाडांमधून तुम्ही 18 होल नेता. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची, धारदार कडेची चकती जोरात एकाच खोडावर दिवसभर आदळते. साल सुटते, आणि साल सुटली की कीड आणि बुरशी यांना वाट मोकळी. त्याहून वाईट म्हणजे पाय. वाळूवर पातळ माती, त्यावर गवत आणि पालापाचोळा. टीभोवती आणि टोपलीभोवती रोज शेकडो पावलं पडली की गवत मरतं, वाळू उघडी पडते, पावसाळ्यात वाहून जाते आणि मुळं वर येतात. कोर्सच्या आत आणि बाहेर एकाच जातीच्या झाडांची बुंध्याजवळची जमीन बघा. फरक समजायला तज्ज्ञ लागत नाही.

मोफत आहे म्हणता, पण किंमत कोणीतरी भरतंच आहे.

फोरहँड

मी स्पर्धा खेळतो, म्हणून फक्त खेळापुरतं लिहितो. धागाकर्त्याचा तिसरा मुद्दा अर्धाच खरा आहे.

आखूड आणि झाडीचा कोर्स नेम शिकवतो, मान्य. पण तोच नेहमीचा कोर्स धरला तर दोन वर्षांनी माणूस अडकतो. मनगटावर आणि हातावर फेकायची सवय लागते, कमरेपासून ताकद काढायची गरजच पडत नाही. मग 400 फुटांचा उघडा होल समोर आला की तो जीव खाऊन फेकतो, आणि चकती डगमगत दोनशेवर पडते. ड्रायव्हर जातीची, म्हणजे लांब फेकीची वेगवान चकती तिच्या वेगाला पोचलीच नाही तर ती नेमून दिल्यासारखी उडत नाही, लवकर डावीकडे कोसळते. नवीन मुलं दुकानातून सर्वांत वेगवान चकती घेतात आणि या कोर्सवर तिचा उपयोग काय हेच त्यांना कळत नाही.

शिकायचं असेल तर महिन्यातून एकदा तरी सांता क्रूझच्या डेलाविएगाला जा. तिथे चढ-उतार आहेत, दऱ्या आहेत आणि ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ नावाचा प्रसिद्ध होल आहे. उतारावरून फेकताना चकती किती वेळ हवेत राहते आणि किती वळते ते तिथे कळतं. फक्त पॉयझन ओक (अंगाला लागलं की खाज आणि पुरळ उठवणारं झुडूप) सगळीकडे आहे, पूर्ण विजार घालूनच जा आणि झुडपात गेलेल्या चकतीच्या मागे हात घालण्याआधी पानं तपासा. बर्कलीचा अॅक्वाटिक पार्क सपाट आहे, पण एका बाजूला पाणी. तिथे आवडती चकती नेऊ नये.

शेवंता

इथे आले तेव्हा मी एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर होते. नोकरीची परवानगी नाही, नवरा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, गाडी एकच. जिम महाग, क्लास महाग. या कोर्सवर मी 5 नंबरच्या बसने जायचे, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी. एकटी खेळणारी बाई दिसली की निवृत्त मंडळी ‘आमच्यात या’ म्हणायची. माझी अमेरिकेतली पहिली ओळख ऑफिसातून किंवा देवळातून झाली नाही, तिथे झाली. इंग्रजी बोलण्याची भीती तिथे गेली, कारण खेळताना बोलायला विषय आयता असतो.

फोरहँड, डेलाविएगा उत्तम असेल. पण गाडी नसलेल्या माणसाने सांता क्रूझच्या त्या डोंगरावर दर महिन्याला कसं पोचायचं? ‘नेहमीचा कोर्स’ या प्रश्नात पोचता येणं हे अर्धं उत्तर आहे.

पायवाट ताई, झाडांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण उद्यान कोणासाठी आहे याचं उत्तर देताना माझ्यासारख्या बाईलाही मोजा.

मिशनपीक

फ्रिमाँटहून येणाऱ्यांसाठी एकच तोटा लिहितो. पूल, टोल, पार्किंग आणि गाडीची फुटलेली काच. उद्यानाच्या कडेला लावलेल्या गाडीत पाठीवरची पिशवी दिसली की संपलं. सॅन होझेचं हेलियर पार्क आम्हाला जवळ, गाडीमागे थोडं शुल्क आहे पण मन शांत राहतं. लांबून येऊन ‘हा माझा लोकल कोर्स’ म्हणण्यात अर्थ नाही.

कोकणकन्या

मला धागाकर्त्याच्या यादीत एक गोष्ट अजिबात दिसली नाही. सुरक्षितता.

माझे आई-बाबा दरवर्षी रत्नागिरीहून उन्हाळ्यात येतात. त्यांना पार्क आवडतं, कारण सपाट आहे, सावली आहे आणि गावाकडच्यासारखं समुद्राचं वारं लागतं. कोर्सचे काही होल पायवाटांच्या अगदी जवळून जातात, काही ठिकाणी वाट ओलांडावी लागते. आईच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून एक चकती गेली. फेकणारा ‘फोर!’ म्हणून ओरडला होता, म्हणजे गोल्फमधला ‘सांभाळा’ असा इशारा. आता मला सांगा, सत्तरीच्या बाईने, जिने आयुष्यात गोल्फ पाहिलेला नाही, त्या ओरडण्याचा काय अर्थ लावायचा? ती आवाज कुठून आला ते बघायला वळली. म्हणजे तोंड चकतीकडे.

क्रिकेटचं मैदान लांबून ओळखू येतं, टेनिसच्या कोर्टाला जाळी असते. इथे नवख्या माणसाला आपण खेळाच्या जागेत शिरलो आहोत हेच समजत नाही. टोपली दिसली तरी तिचा अर्थ माहीत नसतो. गर्दीच्या सार्वजनिक उद्यानात हा खेळ असूच नये, असं माझं मत त्या दिवसापासून झालं आहे. शहराबाहेर भरपूर जागा आहे.

सह्यकडा

कोकणकन्या, आईंना काही झालं नाही हे नशीब. तुमचा राग योग्य जागी आहे, पण तो खेळावर न काढता त्या खेळाडूवर काढा. वाटेवर माणूस दिसत असताना चकती फेकणं हा बेशिस्तपणा आहे, आणि ते फक्त माझं मत नाही. पीडीजीएच्या नियमांत शिष्टाचाराचं वेगळं कलम आहे. कोणाला लागण्याची शक्यता असेल तर फेकायचंच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. चालणाऱ्याने थांबायचं नसतं, फेकणाऱ्याने थांबायचं असतं. वळणापलीकडचं दिसत नसेल तर गटातला एक जण पुढे जाऊन उभा राहतो आणि हात वर करून ‘मोकळं आहे’ असं सांगतो. आमच्या गटात हे केल्याशिवाय कोणी हात उचलत नाही.

तोच नियम नवख्यांना शिकवायला जुने खेळाडू लागतात. समजूतदार लोक कोर्स सोडून गेले तर मागे कोण राहील? ज्यांना चालणाऱ्यांशी देणंघेणं नाही तेच. म्हणून मी म्हणतो की टाळू नका.

आता पायवाट ताईंचा मुद्दा. मुळं उघडी पडलेली मीही पाहिली आहेत. पण कोर्स सांभाळणारे स्वयंसेवक तिथे लाकडाच्या चिप्स पसरतात, कचरा उचलतात, उतारावर ओंडके आडवे टाकून माती अडवतात. चालायला येणाऱ्या, कुत्री फिरवणाऱ्या, सहलीला बसणाऱ्या लोकांच्या पायांनीही जमीन दबते. त्यांच्यातले किती जण फावडं हातात घेतात?

ऑस्टिनकर

मी टेक्सासमधून लिहितोय, पण या वादाचा एक निकाल आमच्या गावात लागून गेला आहे, तो सांगतो.

ऑस्टिनच्या मध्यभागी शोल क्रीकच्या काठाने पीझ पार्क आहे. तिथे अनेक वर्षं डिस्क गोल्फ कोर्स होता. मोफत, शहराच्या मध्यावर, विद्यापीठापासून जवळ. तुम्ही लिहिलेले सगळे फायदे त्याला होते, म्हणून लोक लोटले. गवत गेलं, माती घट्ट झाली, उतारावरची वाहून ओढ्याकडे गेली, झाडांची खोडं आणि मुळं जखमी झाली. स्वयंसेवक तिथेही होते आणि मनापासून काम करत होते. शेवटी 2011 च्या अखेरीस तो कोर्स बंद झाला आणि खेळ रॉय जी. गरेरो पार्कात हलवला.

कोर्स बंद पडावा असा कोणाचा हेतू नव्हता. लोकप्रियतेनेच तो मारला. सह्यकडा, तुम्ही ‘सगळ्यांनी यालाच नेहमीचा कोर्स करा’ म्हणता तेव्हा तुम्ही त्याच दिशेने ढकलत आहात. चिप्स पसरणं चांगलंच, पण एका जमिनीवर रोज किती पावलं पडू द्यायची याला मर्यादा असते. ती ओलांडली की वर काय पसरलं याने फरक पडत नाही. जमिनीला विश्रांतीच द्यावी लागते.

निवडुंग

ऑस्टिनकरांच्या मुद्द्यावर उपाय आहे आणि तो याच राज्यात चालू आहे. सान डिएगोच्या बॅल्बोआ पार्कात मॉर्ली फील्डचा कोर्स 1970 च्या दशकापासून आहे. तिथे खेळायला थोडे पैसे भरावे लागतात. कोर्सवर माणसं नेमलेली असतात, दुकान आहे, जागेची देखभाल होते. शहराच्या मोठ्या उद्यानात, वर्षभर गर्दीत, आणि तरी कोर्स टिकून आहे.

इथेही एका फेरीला चार-पाच डॉलर घ्या. त्या पैशातून एक देखरेखीचा माणूस ठेवा, जो वाटेवर माणूस असताना फेकणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवेल. कोकणकन्यांची भीती आणि पायवाट ताईंची माती, दोन्हीला त्याने फरक पडेल. मोफत गोष्टीची कोणी काळजी घेत नाही हा माझा अनुभव आहे.

शेवंता

असहमत, निवडुंग. आठवड्यातून चारदा जाणाऱ्याला महिन्याला सत्तर-ऐंशी डॉलर होतात. पगार असलेल्याला ते काही नाही. मला तेव्हा ते घरात मागावे लागले असते आणि मी मागितले नसते. घरातच बसले असते. कोर्सवर सकाळी भेटणारे जे वृद्ध लोक होते, त्यातले काही ठरावीक पेन्शनवर जगणारे होते. पैसे लावले की सगळ्यांत आधी हीच मंडळी गळतात, आणि नेमकी हीच मंडळी नियम पाळतात. गर्दी करणारे शनिवारचे तरुण चार डॉलरला थांबत नाहीत.

घ्यायचेच तर फक्त शनिवार-रविवारी घ्या.

निवडुंग

शनिवार-रविवारचं शुल्क मला चालेल. ती चांगली सूचना आहे. देखरेखीची गरजही त्याच दोन दिवशी जास्त आहे.

कोकणकन्या

देखरेखीचा माणूस आला तर मी माझं मत थोडं बदलेन, पूर्ण नाही. सह्यकडा, ‘खेळाडूवर राग काढा’ हे ऐकायला बरं आहे. पण खेळाडू शिस्तीचा असेल असं धरून जागा आखायची नसते. बेशिस्त माणूस येणारच, तरी कोणाला लागू नये, अशी ती आखायची असते. वाटेजवळच्या होलची दिशा बदला, टोपली आत सरकवा, वाटेवर समजेल अशा चित्राची पाटी लावा. अक्षरं नकोत, चित्र. आईला इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्या उद्यानात चिनी, रशियन आजी-आजोबाही तितकेच असतात.

फोरहँड

टोपल्या हलवण्याची सूचना खेळाच्या दृष्टीनेही उत्तम आहे. बऱ्याच चांगल्या कोर्सवर एका होलला टोपलीच्या दोन-तीन जागा असतात आणि त्या काही महिन्यांनी बदलतात. जमिनीला विश्रांती मिळते आणि रोज खेळणाऱ्याला नवा होल मिळतो. टीच्याही दोन जागा ठेवता येतात. माझा ‘माणूस अडकतो’ हा आक्षेप त्याने बराच कमी होईल. आणि खोडांसाठी काही कोर्सवर टीसमोरच्या झाडांना लाकडी पट्ट्या किंवा जाळी गुंडाळतात, ते इथे जास्त झाडांना करायला हवं.

सह्यकडा

चित्राच्या पाट्या आणि फिरत्या टोपल्या या दोन्ही सूचना कोर्स सांभाळणाऱ्या मंडळींकडे मी लेखी देणार आहे. कोणाला मसुद्यात भर घालायची असेल तर इथेच लिहा, रविवारपर्यंत थांबतो.

ऑस्टिनकर, पीझ पार्कचं उदाहरण मनाला लागलं. माझं उत्तर तरीही हो आहे, पण ‘सगळ्यांनी, केव्हाही’ असं आता म्हणणार नाही. ज्यांना गाडी आहे त्यांनी शनिवार-रविवारी दुसरीकडे जावं आणि इथे मधल्या दिवशी यावं. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस कोणीच जाऊ नये, कारण ओल्या जमिनीचं नुकसान सर्वांत जास्त होतं. बस शिवाय दुसरा मार्ग नसलेल्यांना मात्र यातल्या कशाची अट नको.

पायवाट

पावसानंतरचं बंधन तुम्ही आपणहून लिहिलंत त्याबद्दल आभार. ते तुमच्या मसुद्यात सर्वांत वर घाला, पाट्यांच्याही आधी.

शेवंता, तुम्हाला मी मोजते. तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर कोर्स बंद करा असं मी म्हणू शकत नाही. पण टोपल्या हलवताना एक धोका आहे. जुनी जागा सोडून नव्या जागी गेलात आणि जुन्या जागेत काही लावलं नाही, तर एकाच्या जागी दोन उघडे तुकडे होतात. म्हणून मसुद्यात असं लिहा की टोपली हलवण्याआधी जुन्या जागेला दोरी बांधली जाईल, चिप्स पडतील, आणि तिथे काय लावायचं ते उद्यानाच्या माळ्यांना विचारून ठरेल. झाडं लावण्याच्या कामाला मी येईन. खेळायला येणार नाही. त्या सायप्रसच्या खोडावर चकती आदळल्याचा आवाज मला सहन होत नाही, आणि त्यावर तुमच्या कोणाच्याही युक्तिवादाचा उपयोग होणार नाही.